अंगुस्तान्याची टकटक

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली हे सगळं झालं. चष्म्याच्या दुकानावरच्या माडीत बाई तेव्हा शिकवण्या घेत असत. जिना इतका अरुंद, की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याला आधी वाट द्यायची असा नियम मुलांनीच करून टाकला होता. माडीवर दोनच खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, बाक, खिडकी आणि बाई. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि बाईंची बहीण. तिचे केस पिकले तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. दिवसा ती औषधांच्या दुकानात कामाला असे आणि उरलेला वेळ ताईला टोचून बोलण्यात घालवी.

बाई तरुणपणी बंदरावरच्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत टाइपिस्ट होत्या. तिथे स्पॅनिश पत्रांचा ढीग यायचा. ती पत्रं हाताळता हाताळता भाषा डोळ्यांच्या ओळखीची झाली, जिभेवर मात्र नीटशी बसली नाही. पुढे शाळेत इंग्रजी शिकवलं, तिथून निवृत्त झाल्या आणि घरी मुलं यायला लागली. इंग्रजी निबंध, इंग्रजी कादंबऱ्या आणि कविता, आणि कुणी फारच मागे लागलं तर स्पॅनिश. गावात स्पॅनिश शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बाईंचं खपून जाई.

शिकवायची त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. मुलाच्या कागदाला त्या हात लावत नसत. लाल शाई त्या घरात नव्हतीच. मुलानं उभं राहून आपलं लिखाण मोठ्यानं वाचायचं. बाई खिडकीपाशी शिवण घेऊन बसत. कुणाची सुटलेली बटणं, कुणाच्या उसवलेल्या बाह्या, नाहीतर पडद्याची किनार. मधल्या बोटात पितळी अंगुस्ताना, सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात तसला. वाक्य कानाला खटकलं की तो अंगुस्ताना टेबलाच्या कडेवर एकदा वाजे. टक. मुलानं वाक्य बदलायचं आणि पुन्हा वाचायचं. पुन्हा टक. पुन्हा बदलायचं. टकटक थांबली की समजायचं, जमलं, आता पुढे.

"पण बाई, चुकलं काय ते तरी सांगा," एखादं नवं मूल रडकुंडीला येऊन म्हणे.

"ते मला सांगता आलं असतं तर मी इथे बटणं लावत बसले असते का? तू बदल. मी ऐकते."

मुलं पाठीमागे त्यांना टकटकबाई म्हणत. धाकटी तर तोंडावर म्हणे, "ताई, तुझ्यापेक्षा सुतारपक्षी बरा. तो निदान झाडाला टोचतो."

पण मुलं लिहायला लागत, हे धाकटीलाही नाकारता येत नसे. भीतभीत आलेली, शब्दांचे दगड एकावर एक रचणारी मुलं वर्षा-दोन वर्षांत असं लिहीत, की वाचणाऱ्याला वाटावं कुणीतरी शेजारी बसून बोलतंय.

या सगळ्यांत बाईंचा जीव होता तो शेंगेवर. शेंग म्हणजे खालच्या चष्मेवाल्यांची एकुलती मुलगी. उंच, सडपातळ, अगदी चवळीची शेंग, म्हणून ते नाव पडलं आणि तेच राहिलं. आई लहानपणीच गेलेली. शाळेत जायच्या आधीपासून ती वर यायची ती बाईंची सुई ओवून द्यायला. बाईंना बारीक दिसत नसे, आणि खाली चष्म्याचं दुकान असूनही चष्मा लावायचा त्यांना कंटाळा. सुई ओवता ओवता पोरगी बाकावर बसायला लागली, बसता बसता वाचायला लागली, आणि पुढे वर्षावर्षाला तिच्या निबंधावरची टकटक कमी होत गेली. शेवटच्या वर्षी तर सबंध निबंध वाचून झाला तरी अंगुस्ताना वाजला नाही. बाईंनी ते धाकटीला कौतुकानं सांगितलं.

"हिला आता वाजवावंच लागत नाही बघ."

"मग आता तुला काय काम उरलं?" धाकटी म्हणाली.

स्पॅनिशचा तास मात्र वेगळाच असे. त्या तासाला बाई अंगुस्ताना काढून शिवणाच्या डब्यात ठेवत, कारण तिथे त्यांचा स्वतःच्याच कानावर विश्वास नव्हता. शेंग वाटेल तसं लिहायची. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची. एक जाडे गृहस्थ नवा चष्मा खुर्चीवर ठेवून त्यावरच बसले, उठले आणि म्हणाले, आता सगळं दोन-दोन दिसतंय. ही गोष्ट तिनं असल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितली, की बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मागच्या खोलीतून धाकटीनं विचारलं, "अभ्यास चाललाय की तमाशा?"

त्या वर्षी शेंगेनं एका जागेसाठी अर्ज केला होता. मोठ्या शहरातल्या विद्यापीठात भाषांच्या अभ्यासाला गावच्या कॉलेजातून दरवर्षी एकच विद्यार्थी पाठवत. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांच्याकडे. आधीची दोन वर्षं बाईंकडे शिकलेलीच मुलं गेली होती. शेंगेचं वय बघता तिला ही एकच संधी होती. ती हुकली तर दुकानात वडिलांच्या शेजारी बसून चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू आवळायचे. चष्मेवाल्यांनी तिच्या बेताचं एक उंच स्टूलही आणून ठेवलं होतं. माणूस मायाळू होता. "झालं तर सोन्याहून पिवळं, नाही झालं तर हे आहेच," असं म्हणत तो ते स्टूल रोज पुसायचा. शेंगेला त्या स्टुलाकडे बघवत नसे.

एके दिवशी दुपारी प्राध्यापक जिना चढून आले. कॉलेजात त्यांना मोठा मान होता आणि निवड समितीवर ते होते. पण एके काळी तेही याच बाकावर बसलेले, आणि तेव्हा खिशात गोट्या खुळखुळवत यायचे, म्हणून धाकटीच्या लेखी ते अजून गोट्याच होते.

"ये रे गोट्या. चष्म्याला आला होतास का खाली?"

"नाही, बाईंकडेच आलोय." ते बाकावर टेकले. "बाई, शेंगेचा निबंध समितीपुढे आला."

"चांगला आहे ना?"

"चांगला आहे. तीच पंचाईत झालीय." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "आमच्या प्रमुखबाईंना काहीतरी आठवलं. त्यांनी मागच्या दोन्ही वर्षांचे निबंध काढून शेजारी ठेवले. मुलं वेगळी, पुस्तकं वेगळी. पण दोन लांब वाक्यं आणि मग एक आखूड, दार ओढून घ्यावं तसं. तिन्हीकडे तेच. त्या म्हणाल्या, हे तिन्ही एकाच हातचं आहे."

"ज्याचं त्यानं लिहिलंय. मी पेन हातात धरत नाही, तुला माहीत आहे."

"मी तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला काय माहीत? मी म्हणालो, मीसुद्धा त्याच बाईंकडे शिकलोय. तर त्यांनी कपाटातून माझा एक जुना लेख काढला."

बाईंची सुई थांबली. "त्यातही?"

"त्यातही."

धाकटी हसायला गेली आणि ताईचं तोंड बघून मागच्या खोलीत निघून गेली.

"पुढच्या आठवड्यात शेंगेला कॉलेजात बसवून लिहायला लावणार आहेत," प्राध्यापक म्हणाले. "विषय तिथेच देणार. इंग्रजी आणि स्पॅनिश, दोन्ही. मला मात्र निकालात बोलता येणार नाही. बाजूला बसवलंय मला."

दुसऱ्या दिवशी बाई ठेवणीतले कपडे घालून प्रमुखबाईंना भेटायला गेल्या. प्रमुखबाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईंनी आपली तऱ्हा समजावून सांगितली.

"म्हणजे तुम्ही मदत करता," प्रमुखबाई म्हणाल्या.

"मदत नाही. मी फक्त ऐकते."

"आणि चुकलं की सांगता."

"सांगत नाही. वाजवते."

"केव्हापर्यंत?"

"जमेपर्यंत."

"कुणाला जमेपर्यंत? त्यांना, की तुम्हाला आवडेल असं?"

आपलीच तऱ्हा दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या टेबलाशी ऐकताना बाईंना ती ओळखू येईना. नमस्कार करून त्या उठल्या.

घरी आल्यावर त्यांनी अंगुस्ताना डब्यात टाकला आणि डबा कपाटात ठेवला. शेंगेला म्हणाल्या, "आजपासून तू लिही. मी ऐकणार नाही, बघणार नाही. मनाला येईल तसं लिही."

शेंग लिहायला बसली. एक वाक्य लिहिलं आणि तिनं वर पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस."

तिनं मान खाली घातली. दुसरं वाक्य लिहून झालं आणि पेन तसंच थांबलं. ती बघत नव्हती, पण तिचे कान टेबलाच्या त्या कडेला लागले होते. बाई उठून मागच्या खोलीत गेल्या. धाकटीनं नेमका त्याच वेळी पातेल्याच्या काठावर पळीचा ठोका दिला. बाहेर कागदावर पेनाची रेघ ओढल्याचा आवाज आला. शेंगेनं वाक्य खोडलं होतं.

धाकटी पळी हवेत धरून उभी राहिली. "आता मी स्वयंपाकही श्वास रोखून करायचा का?"

बाई बाहेर आल्या. "का खोडलंस?"

"टक झालं ना."

"ती पळी होती."

"हो का?" शेंग कागदाकडे बघत राहिली. "पण वाक्य वाईटच होतं, बाई."

"स्पॅनिशमध्ये कशी लिहीत सुटतेस? तसं लिही की."

"स्पॅनिशमध्ये चुकलेलं मला चालतं."

"मग इंग्रजीतही चूक. खुशाल चूक."

"कशी चुकू? चुकायच्या आधीच ऐकू येतं." तिनं कानामागे बोट ठेवलं. "इथे. तुम्ही नसलात तरी."

बाईंनी त्या आठवड्यात करता येईल ते सगळं करून पाहिलं. शेंगेला समुद्राकाठच्या बाकावर नेऊन बसवलं, तर बोटीच्या टोल्याला तिनं खोडलं. वर्तमानपत्रातल्या भिकार बातम्या मोठ्यानं वाचायला लावल्या, म्हणजे कान जरा बिघडेल. कान बिघडला नाही. शेवटी त्या थकून म्हणाल्या, "जशी लिहितेस तशीच लिही," आणि आपण नक्की काय सांगितलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी चष्मेवाल्यांनी दुकान बंद ठेवलं. ते आणि बाई कॉलेजच्या वऱ्हांड्यात बाकावर बसले. समोरच्या खोलीचं दार लागलेलं, दाराला धुरकट काच. आत शेंग, प्रमुखबाई आणि घड्याळ.

"बाई, ती जेवली नाही सकाळी," चष्मेवाले म्हणाले.

"एका दिवसानं काही होत नाही."

"मीही नाही जेवलो."

तेवढ्यात खालच्या अंगणात ठोकाठोकी सुरू झाली. ठक. ठक. एक सुतार मोडक्या बाकांना खिळे मारत होता. बाई ताडकन उठल्या. चष्मेवाल्यांना काही समजेना. बाईंना मात्र बंद दारातूनही दिसत होतं. एक वाक्य, ठक, रेघ. एक वाक्य, ठक, रेघ.

त्या जिना उतरून खाली गेल्या. "अहो, जरा थांबता का? वर मुलगी परीक्षा देतेय."

"देऊ दे की. मी कुठे तिला प्रश्न विचारतोय?" सुतार म्हणाला.

"तिला आवाजाचा त्रास होतो."

"बाई, खिळा मुका असता तर मीही सुखी झालो असतो. संध्याकाळपर्यंत सगळे बाक करायला सांगितलेत मला."

"थोडाच वेळ. हात जोडते."

त्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हातोडा खाली ठेवला आणि डबा उघडला. "चला, जेवून घेतो. नाहीतरी भूक लागलीच होती."

बाई वर येऊन बसल्या. आता इतकं शांत झालं, की चष्मेवाल्यांचा श्वास ऐकू यावा. त्या शांततेत बाईंना आधी बरं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की त्यांच्या टेबलाशी शांततेचा अर्थ एकच असायचा. जमलं, पुढे. इथे ती शांतता कुणाचीच नव्हती. एक माणूस खाली जेवत होता, एवढंच. दार ठोठावावं, आत जावं, सांगावं. पण काय सांगणार, आणि ठोठावायचं कसं? दारावर बोट वाजवलं असतं तर पोरीनं सगळंच खोडून टाकलं असतं. बाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

शेंग बाहेर आली ती तोंडभर हसत.

"तुम्हीच थांबवलंत ना त्यांना? मला कळलं. आधी सारखी खोडत होते. मग एकदम शांत झालं, आणि मला वाटलं, आता बरोबर चाललंय. मग एकदाही थांबले नाही, बाई. सगळं झरझर आलं."

"छान झालं," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

चष्मेवाल्यांनी डोळे पुसले आणि सगळ्यांना जेवायला चला म्हणाले.

निकाल सांगायला प्राध्यापकच आले. या वेळी ते बसले नाहीत.

"निबंध तिनंच लिहिला होता, याबद्दल आता कुणालाच शंका नाही. प्रमुखबाईंनी तसं सगळ्यांसमोर सांगितलं. समोर बसून लिहिलेला निबंध पहिल्यापेक्षाही सरस आहे."

"मग झालं तर."

"नाही झालं. त्या म्हणाल्या, तिनं लिहिलंय, पण हे आम्ही आधी वाचलंय. तीन वेळा. या वर्षी आम्हाला चौथ्यांदा तेच नकोय. जागा दुसऱ्या मुलाला दिली. तो अडखळत लिहितो, पण त्याचं तो लिहितो, म्हणे."

धाकटी म्हणाली, "मग पोरीची चूक काय?"

"काही नाही," प्राध्यापक म्हणाले. "तिचा स्पॅनिशचा कागद मी नंतर वाचला. चुकाच चुका. पण जाड्या गृहस्थाची कसली गोष्ट लिहिलीय तिनं, मी एकटा बसून हसलो. तीन ओळींत मुलगी समोर येऊन उभी राहते. पण स्पॅनिशला गुण चुकांवर कापतात, तसा नियमच आहे."

इतक्या वर्षांत ज्या कागदांपाशी बाईंनी अंगुस्ताना काढून ठेवला होता, तेवढेच कागद पोरीचे होते. हे आता कुणाला सांगून काय होणार होतं?

संध्याकाळी शेंग वर आली. तिला कळलं होतं. खालून चष्मेवाल्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. वाईट बातमी आली की ते उगाच खोकत. शेंगेनं शिवणाचा डबा काढला, सुई घेतली आणि दोरा ओवला. मग दुसरी ओवली. मग तिसरी. डब्यातली एकेक सुई ओवून तिनं सगळ्या पडद्याच्या कडेला ओळीनं खोचून ठेवल्या.

"एवढ्या कशाला गं?" बाईंनी विचारलं.

"बरेच दिवस पुरतील."

बाईंना वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे. त्यांनी सुरुवात केली, "शेंगे, मला वाटलं होतं—" आणि पुढचं वाक्य त्यांना मनातल्या मनात खटकलं. त्यांनी ते बदललं. तेही खटकलं. शेंग वाट बघत उभी होती. मग, "येते, बाई," म्हणाली आणि जिना उतरून दुकानात जाऊन त्या उंच स्टुलावर बसली.

त्यानंतर बाईंनी अंगुस्ताना कधी बोटात घातला नाही. मुलांना त्या तोंडानं सांगायला लागल्या, हे असं का, ते तसं का. पण सांगायची त्यांना सवय नव्हती आणि मुलांना त्यांचं सांगणं कळत नसे. आईबाप कुरकुरायला लागले. हळूहळू जिना ओस पडला. सुया टोचून बाईंचं बोट कायम दुखरं असे, पण अंगुस्ताना घाल म्हटलं तर त्या ऐकत नसत.

प्राध्यापकांनी पुढच्याच वर्षी समिती सोडली. इंग्रजीत लेख लिहिणंही त्यांनी बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणत, कोण लिहितंय तेच कळत नाही. निवृत्त झाल्यावर ते बागेत मुलांशी गोट्या खेळत, आणि धाकटीचं म्हणणं, तेवढं मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

ज्या मुलाला जागा मिळाली तो शिकला आणि तिकडेच राहिला. प्रमुखबाई बदली होऊन गेल्या. सुताराचं पुढे काय झालं, कुणाला ठाऊक नाही. त्यानं दुरुस्त केलेले बाक मात्र अजून डुगडुगत नाहीत.

शेंग बरीच वर्षं दुकानात होती. चष्मा फुटलेला एक खलाशी एकदा तिथे आला. कुणालाच त्याची भाषा कळेना. शेंग त्याच्याशी आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये बोलली आणि तो हसत बाहेर पडला. मग त्यानं दुसऱ्याला पाठवलं, त्यानं तिसऱ्याला. शेवटी बंदरावरच्या दवाखान्यानं तिला दुभाषी म्हणून बोलावून घेतलं, आणि ती म्हातारी होईपर्यंत तिथे होती. चष्मेवाले गेले तेव्हा तिनं दुकान विकलं आणि स्टूल तेवढं ठेवून घेतलं. विद्यापीठ तिनं कधी पाहिलं नाही.

बाईंचे डोळे शेवटी पारच गेले. शेंग रविवारी यायची आणि दवाखान्यातल्या गोष्टी स्पॅनिशमध्ये सांगायची. बाई हसायच्या. इंग्रजी मात्र दोघींनी पुन्हा काढलं नाही. एकदाच बाईंनी विचारलं, "इंग्रजीत लिहितेस का काही?" शेंग म्हणाली, "नाही, बाई. वेळच होत नाही." बाईंनी मान हलवली. ते वाक्य त्यांना खटकलं होतं, पण वाजवायला बोटात काही नव्हतं.

बाई गेल्यावर धाकटीनं शिवणाचा डबा शेंगेला देऊन टाकला. "ने बाई, मला नको हे घरात," ती म्हणाली. पुढे दोन हिवाळ्यांत धाकटीही गेली.

डबा शेंगेकडे अजून आहे. अंगुस्ताना तिच्या बोटात सैल होतो. अजूनही कधी दवाखान्यासाठी इंग्रजीत काही लिहून द्यायची वेळ आलीच, तर ती खिडकी लावून घेते. तरी शेजारी कुठे कुणी भिंतीत खिळा मारायला घेतला की तिचं पेन अर्ध्या वाक्यात थांबतं, आणि ठोकणं बंद झाल्यावरही लवकर पुढे सरकत नाही.